पेन्शन नावाचा प्लॉट

कुंदाबाईंच्या घरात त्या प्लॉटला कुणी प्लॉट म्हणत नसे. पेन्शन म्हणत.

"पेन्शनवर गवत फार वाढलंय," असं वनाजी सकाळी चहा पिता पिता म्हणत. "पेन्शनमध्ये परत कुणाची तरी म्हैस बसली होती," असं कुंदाबाई संध्याकाळी चपला काढता काढता सांगत. एकदा मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाने हे ऐकलं आणि तो बिचारा रीडिंग विसरून दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला.

खरी पेन्शन त्या घरात कुणालाच नव्हती. वनाजींची उमेदीची सगळी वर्षं जळगावच्या एमआयडीसीत चटयांच्या कारखान्यात गेली, आणि तीही ठेकेदाराच्या हाताखाली. ठेकेदार बदलला की यांची नोकरी पुन्हा पहिल्यापासून. कुंदाबाई माहेरच्या धुळ्याच्या. लग्नाआधी देवपुरात भाड्याच्या खोल्या दाखवायच्या, लग्नानंतर जळगावात येऊन प्लॉटांच्या दलालीत पडल्या आणि त्यातच केस पिकले. दलालीचं काम असं, की सौदा झाला की त्या दिवशी घरात शिरा होतो आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गिऱ्हाईक शोधायचं. म्हातारपणी कोण बसल्या जागी आणून देणार?

म्हणून पेन्शन. पिंप्राळ्याच्या पुढे भाग्योदयनगर पडलं, तेव्हा तिथली बारा प्लॉटांची एक ओळ कुंदाबाईंनी एकहाती विकायला घेतली. अकरा गेले. बारावा नाल्याकडचा, तो कुणी घेईना. ले-आउटच्या मालकाने दलालीऐवजी तोच त्यांच्या नावावर करून दिला. खरेदीखत पक्कं, उताऱ्यावर नाव पक्कं. कुंदाबाईंनी हसत हसत घेतला. वर्षानुवर्षं त्या गिऱ्हाइकांना एक वाक्य ऐकवत आल्या होत्या: "सोनं चोरीला जातं, पोरं पुण्याला जातात. प्लॉट जिथे असतो तिथेच असतो." आता ते वाक्य त्यांनी स्वतःलाच विकलं.

या वर्षी कुंदाबाईंच्या दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिला. वनाजींची नजर काचबिंदूने अर्ध्यावर आली. धंद्यात नवी पोरं शिरली होती, ती मोबाइलवर गाणं लावून प्लॉटाभोवती गोल गोल फिरत व्हिडिओ काढायची आणि गिऱ्हाईक घरबसल्या ठरवायचं. कुंदाबाईंना फोन यायचे ते फक्त "ताई, तुमच्या ओळखीचा चांगला प्लंबर आहे का" एवढ्यासाठी. दोघांनी ठरवलं, पेन्शन विकायची, पैसे पोस्टात टाकायचे आणि महिन्याच्या व्याजावर गप बसून खायचं.

गिऱ्हाईकही चालून आलं. भडगावच्या प्रमिलाबाई, सरकारी दवाखान्यातल्या आया. पुढच्या महिन्यात रिटायर होणार होत्या. त्यांच्या भावजयीला, मेघाला, त्याच ओळीतला प्लॉट कुंदाबाईंनीच दिला होता आणि तिचं घर आता ओळीच्या मधोमध उभं होतं.

"कुंदाताई, मी रविवारले येस," प्रमिलाबाई फोनवर अहिराणीत म्हणाल्या. "माले त्यामा काही समजस नही. तुम्ही दखाडशात ती जागा मनी. नारय संगेच आनस."

तुम्ही दाखवाल ती जागा माझी! दलालाला याहून गोड बोलणं ऐकायला मिळत नाही. जागा पाहिल्या पाहिल्या नारळ फुटला की सौदा झाला, मग इसार-पावती वगैरे मागून होत राहते. कुंदाबाईंनी फोन ठेवला आणि वनाजींना म्हणाल्या, "उठा. पेन्शनला चुना लावायला जायचंय."

"चुना गिऱ्हाइकाला लावतात, कुंदा," वनाजी म्हणाले.

गिऱ्हाईक यायच्या आधी गवत कापून चुन्याच्या फक्कीने चारी बाजू आखून ठेवायच्या, ही त्यांची जुनी पद्धत. पांढऱ्या चौकटीत माणसाला घर लवकर दिसतं. सोमवारी मजुराकडून गवत कापून घेतलं. मंगळवारी सकाळी दोघं स्कूटीवर फक्कीची पिशवी आणि टेप घेऊन निघाले, कुंदाबाई चालवायला आणि वनाजी मागे पिशवी मांडीवर घेऊन.

कित्येक दिवसांत कुंदाबाई त्या प्लॉटात आतपर्यंत गेल्या नव्हत्या. गुडघे, आणि पुरुषभर गवत. नाल्याच्या काठाला आधी नुसती बेशरमीची झाडी होती आणि प्लॉट त्या झाडीत कुठेतरी संपतो असं दोघांनी धरून ठेवलं होतं. उन्हाळ्यात नाल्याला काँक्रीटची भिंत झाली. तेव्हा कुंदाबाईंना आनंदच झाला होता, भाव वाढेल म्हणून.

त्यांनी टेपचं एक टोक शेजारच्या भटूनानांच्या कंपाउंडला धरलं. दुसरं टोक घेऊन वनाजी नाल्याकडे चालू लागले आणि लगेच थांबले.

"पुढे जा ना."

"पुढे कुठे? भिंत लागली."

"अहो, नीट बघा. डोळे गेले म्हणून काय पायही—"

"कुंदा," वनाजी म्हणाले, "माझा हात भिंतीला लागलाय."

कुंदाबाई गुडघा धरत तिथपर्यंत गेल्या. वनाजींचा हात खरंच भिंतीवर होता. नानांचं कंपाउंड आणि नाल्याची भिंत यांच्यामध्ये जी जागा उरली होती, तिच्यात एक खाट मावली असती. खाटेवरून उतरायचं झालं तर मात्र नाल्यात उतरावं लागलं असतं.

कुंदाबाईंना आधी वाटलं, भिंतवाल्यांनी खाल्ली जागा. पण भिंत जुन्या काठावरच होती. काठावरचं कडुलिंबाचं खोड अजून भिंतीच्या पलीकडेच उभं होतं, आणि ते नकाशातही नाल्यातच होतं. मग प्लॉट गेला कुठे? आख्खा प्लॉट काही खिशात घालून नेता येत नाही.

त्या रस्त्यावर आल्या आणि ओळीकडे बघितलं. सकाळचं ऊन घरांच्या मागून येत होतं. रस्त्यावर घरांच्या सावल्या पडल्या होत्या आणि दोन-दोन सावल्यांच्या मधून उन्हाची एकेक पट्टी रस्त्यावर आडवी आली होती. पहिल्या घरानंतर पट्टी, दुसऱ्यानंतर पट्टी, तिसऱ्यानंतर पट्टी. पार टोकापर्यंत.

बोळ.

कुंदाबाईंच्या हातातला टेप सर्रकन आपोआप आत गेला.

ही ओळ कधी भांडली नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. बाकीच्या कॉलन्यांत पन्हाळीच्या पाण्यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती, या ओळीत वाटीभर डाळ इकडून तिकडे जायची. कारण प्रत्येक घराच्या आखणीला कुंदाबाई स्वतः उभ्या असत. "भिंतीला भिंत चिकटवू नका हो," त्या सांगत. "मध्ये बोळ सोडा. पाणी पडायला, उंदीर पळायला, आणि रुसलेल्या सुनेला उभं राहून रडायला." लोक हसायचे आणि सोडायचे. मात्र स्वतःच्या प्लॉटातून बोळ कुणीच दिला नाही. पहिल्याने आपली रुंदी पुरी घेतली. मग बोळ. दुसऱ्याने बोळापासून पुढे आपली रुंदी पुरी घेतली. मग परत बोळ. प्रत्येक वेळी मागच्या घरापासून मोजलं, रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या हद्दीच्या दगडापासून पुन्हा कुणीच मोजलं नाही. नकाशात एकही बोळ नव्हता. बोळ कुंदाबाईंनी दिले होते.

काळी-पिवळी जीपमध्ये ड्रायव्हर म्हणतो, सरका जरा, सरका जरा. सगळे थोडे थोडे सरकतात, सगळे आरामात बसतात आणि शेवटचा दारातून बाहेर लटकतो. इथे शेवटच्या त्याच होत्या. त्यांची पेन्शन तुकड्या-तुकड्यांनी रस्त्यावर ऊन होऊन पडली होती.

पण खरी भीती त्यानंतर आली. प्लॉट गेला ही भीती एका घराची होती. घरं सरकली ही सगळ्या ओळीची. दुसऱ्याचं घर थोडं तिसऱ्याच्या जागेत, तिसऱ्याचं जास्त चौथ्याच्या जागेत, असं वाढत वाढत भटूनानांचं घर जवळजवळ सगळंच कुंदाबाईंच्या प्लॉटावर. ज्यांनी बँकेकडून कर्ज काढून भिंती उभ्या केल्या, ज्यांनी वरचा मजला चढवला, त्यांच्या कागदावर एक जागा आणि पायाखाली दुसरी. आणि प्रत्येकाची फक्की कुणी टाकली होती?

"कुंदाताई, चहा घ्या," पलीकडून मेघा हाक मारत होती. "पायरीवरूनच काय जाता?"

"आले गं. नंतर येते," कुंदाबाई म्हणाल्या. टेप त्यांनी पर्समध्ये घालून पर्सची चेन ओढली. त्या टेपने आता काहीही मोजलं तरी कुणाच्या तरी घरावरून जाणार होतं.

भटूनाना गेटात उभे होते. भुसावळच्या रेल्वेतून रिटायर झालेले, खऱ्या पेन्शनचे धनी. खांद्यावर टॉवेल, हातात झारी. त्यांनी कुंदाबाईंकडे पाहिलं, मग मोकळ्या पट्टीकडे पाहिलं, आणि झारी खाली ठेवली.

"समजलं का?" नाना हळू म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"भिंतीचा पहिला खांब उभा राहिला त्याच दिवशी. तेव्हापासून झोप नाही, ताई. तुमची स्कूटी वाजली की वाटतं, आली मोजणी."

"मला का नाही सांगितलं, नाना?"

"काय सांगू? माझं घर तुमच्या जागेत आहे, या आणि पाडा? तुम्हीच उभं राहून आखून दिलंय. माझ्या हिने तुम्हाला पहिलं कुंकू लावलं होतं." नानांनी इकडेतिकडे बघितलं. "गिऱ्हाईक आहे ना तुमच्याकडे? मेघाची नणंद?"

"हो."

"मग लांबून दाखवा. भिंतीपाशी उभं राहून नुसता हात करा. बाई साधी आहे. कागद तर पक्का आहे तुमचा. आता हेही मी तुम्हाला शिकवायचं का?"

"आणि ती बांधायला आली की?"

"तेव्हाचं तेव्हा." नानांचा आवाज मऊ झाला आणि तोच जास्त भीतीदायक वाटला. "ही ओळ झोपलीय, ताई. उठवाल तर सगळे पहिले तुमच्याकडे बघतील. माझ्याकडे नाही."

घरी आल्यावर कुंदाबाईंनी दार लावून घेतलं, भर दुपारी.

"फोन करून टाक तिला," वनाजी म्हणाले. "म्हण, प्लॉट विकायचा नाही."

"आणि मग?"

"मग काही नाही. सोडून दे."

"सोडून काय खायचं आपण? तुमच्या डोळ्यांचे थेंब कशातून आणायचे? मी या गुडघ्यांनी अजून किती वर्षं जिने चढू?"

वनाजी म्हणाले, "माझं काही नाही गं. मला निम्मंच दिसतं. निम्मीच भीती वाटते."

त्यांनी ते हसवायला म्हटलं होतं. कुंदाबाई हसल्या नाहीत, पण उठून त्यांच्या डोळ्यांत औषध टाकलं. थेंब एकदा गालावर पडला.

फोन त्यांनी केला नाही. रोज उचलला आणि रोज ठेवला. दुसरे दलाल जागा लांबून कशी दाखवतात ते त्यांना माहीत होतं. टेकडीवर उभं करून "ते लिंबाचं झाड दिसतं ना, तिथपर्यंत" म्हणायचं, चहा पाजायचा आणि घरी सोडायचं. असल्या लोकांना कुंदाबाई तोंडावर शिव्या द्यायच्या. आता दुपारी जेवायला बसलं की डोळ्यांसमोर तेच यायचं: आपण भिंतीपाशी उभ्या, हात लांब केलेला, आणि हाताच्या टोकाला काहीच नाही. कुणी दार वाजवलं तर त्या आधी खिडकीतून बघायच्या. ओळीतलं कुणी बाजारात भेटलं आणि हसलं, तर वाटायचं, याला कळलंय. हसलं नाही तर वाटायचं, याला नक्कीच कळलंय.

रविवारी वनाजी सकाळीच "पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडले. कुंदाबाईंच्या लक्षात आलं नाही की फक्कीची पिशवीही कोपऱ्यातून गेली.

प्रमिलाबाई स्टँडवर उतरल्या, त्या एका हातात बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पिशवी आणि दुसऱ्या हातात नारळ घेऊन. नवी कोरी साडी, केसांना तेल. बिबडे त्यांनी आधी कुंदाबाईंच्या हातात कोंबले. "घरन्या शेतस. ज्वारीन्या. तुमले आवडतस ना?"

"कशाला आणलं एवढं," कुंदाबाई म्हणाल्या. पिशवी धरवत नव्हती.

रस्ताभर प्रमिलाबाई मागच्या सीटवरून बोलत होत्या. दवाखान्यातल्या क्वार्टरमधून आता निघायला लागणार. मुलगी सासरी. आयुष्यभर लोकांच्या बाळांना पहिली आंघोळ घातली, आता स्वतःच्या मोरीत बसून सावकाश आंघोळ करायची. "मना एकच हट्ट शे, ताई. मोरी मोठी पाहिजे."

कुंदाबाईंनी ठरवलं होतं, भिंतीपाशी न्यायचं आणि सांगायचं. नाही, आधी घरी नेऊन चहा पाजून सांगायचं. नाही, मेघाकडे बसवून. प्रत्येक चौकात त्या नवं ठरवत होत्या आणि प्रत्येक चौक मागे पडत होता.

ओळीत शिरल्या आणि त्यांनी ब्रेक दाबला.

रस्त्याच्या पलीकडे, कॉलनीच्या बगीच्यासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत, पांढरीशुभ्र चौकट आखलेली होती. चारी कोपरे काटकोनात, कडा सरळ. वनाजींनी कसं केलं असेल कुणास ठाऊक. बहुतेक गुडघ्यांवर बसून, हाताने चाचपत. ते चौकटीच्या कडेला उभे होते. हात कोपरापर्यंत पांढरे. कुंदाबाईंच्या दिशेने तोंड करून ते थोडंसं हसले, कुंदाबाई नेमक्या कुठे आहेत ते न दिसता.

जन्मात कधी खोटं न बोललेल्या माणसाने त्यांच्यासाठी एवढं मोठं खोटं जमिनीवर काढून ठेवलं होतं.

"हाई का?" प्रमिलाबाई उतरल्याच. चपला रस्त्यावर काढल्या, चौकटीच्या आत पाऊल टाकलं, खाली वाकून माती कपाळाला लावली. मग त्या लहान पोरीसारख्या चालत सुटल्या. "आठे चूल. आठे मोरी. मोठी. दार उगवतीले. आठे मनी खाट."

भटूनाना गेटात आले. मेघा ओट्यावर आली, तिने लांबूनच हात हलवला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून बघू लागलं. अख्खी ओळ बघत होती आणि ओळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की ती जागा बगीच्याची आहे. मेघाचा हलवलेला हात हळूहळू खाली आला. नाना कुंदाबाईंकडे बघून मान हलवत होते; अगदी थोडी, हो म्हणताना हलवतात तेवढीच.

कुंदाबाईंना फक्त गप्प बसायचं होतं. बोलण्याची गरजच नव्हती. जन्मभर बोलून पोट भरलं, आता एकदा गप्प बसून म्हातारपण भरणार होतं.

प्रमिलाबाईंनी एक दगड बघितला. चौकटीच्या मधोमध बसल्या, पदर डोक्यावर घेतला आणि नारळ उचलला.

"थांबा!"

एवढा मोठा आवाज आपल्याकडे आहे हे कुंदाबाईंनाही माहीत नव्हतं. त्या गुडघ्यांची पर्वा न करता गेल्या आणि प्रमिलाबाईंचं मनगट धरलं.

"फोडू नका. ही जागा माझी नाही."

"मंग तुमनी जागा कोठे शे?"

कुंदाबाईंनी नाल्याच्या भिंतीकडे हात केला. आता हाताच्या टोकाला काय आहे ते स्पष्ट दिसत होतं: नानांचं कंपाउंड, भिंत, आणि मध्ये ती खाटेएवढी पट्टी. "ती. तेवढीच. बाकीची या घरांमधल्या बोळांत गेली. मी आखून दिलेल्या बोळांत. माझ्या डोळ्यांदेखत."

प्रमिलाबाईंनी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. त्यांना त्यातलं काही समजत नाही असं त्या म्हणायच्या, पण हे लगेच समजलं.

"मनी भावजयीनं घर?" त्यांनी विचारलं.

हे विचारू नये, एवढीच एक आशा कुंदाबाईंना होती.

"तेही," त्या म्हणाल्या. "तेही सरकलंय."

मेघाने ओट्यावरून ऐकलं. तिच्या हातातलं सूप खाली ठेवल्याचा आवाज इथपर्यंत आला. मग गेटं वाजू लागली. एक, मग दुसरं. नाना मोठ्याने म्हणाले, "काय मनाला येईल ते बोलतायत! वय झालंय बाईंचं!" कुणीतरी म्हणालं, "सरकलंय म्हणजे काय, ताई?" कुणीतरी म्हणालं, "आमचे हप्ते चालू आहेत हो." माणसं जवळ येत गेली. यातल्या प्रत्येकाच्या वास्तूला कुंदाबाई जेवल्या होत्या, आणि आज त्यातल्या एकाही चेहऱ्याकडे त्यांना बघवेना. वनाजी आवाजाच्या रोखाने आले आणि त्यांनी आपला पांढरा हात त्यांच्या पाठीवर ठेवला. साडीवर पंजा उमटला.

प्रमिलाबाईंनी नारळ पिशवीत टाकला. चपला घातल्या. "मी डोया झाकीसन उनी ना, ताई," त्या म्हणाल्या. डोळे झाकून आले, एवढंच; रागाने नाही. ते जास्त लागलं. मग त्या मेघाच्या घराकडे चालत गेल्या, वळून न बघता.

पुढच्या आठवड्यात कुंदाबाईंनी मोजणीचा अर्ज दिला. वनाजी म्हणाले होते, सांगून टाकलंस, आता बस झालं. पण अर्धं सांगून घरी बसणं त्यांना जास्त भीतीचं वाटत होतं. ओळ आता रोज रात्री आपापल्या परीने मोजत असणार, आणि प्रत्येकाच्या मोजण्यात दुसरा चोर ठरणार. शिवाय आपलं म्हातारपण त्या बोळांत पडलंय, ते मागायला तरी हवं. मिळेल की नाही, कोण देईल, कसं देईल, हे त्यांना कुणी सांगू शकलं नाही. अर्जावर सही करताना त्यांनी दोनदा पेन खाली ठेवलं.

नोटिसा सगळ्यांना गेल्या. फोन आले, काही शिव्यांचे, काही नुसते श्वासांचे. मेघाने आपल्या मुलीच्या वाढदिवसाला पहिल्यांदाच बोलावलं नाही. भटूनाना एकदा घरी येऊन, चहा न घेता, नुसते बसून गेले. जाताना म्हणाले, "मला या वयात कुठे नेणार, ताई?" दोघंही तेवढेच घाबरले होते, आणि ते एकमेकांना सांगायची सोय उरली नव्हती.

मोजणीच्या दिवशी दोघं लवकर गेले. ओळीतली सगळी दारं उघडी होती आणि एकाही दारातून "या, बसा" आलं नाही. लोक ओट्यांवर, गेटांत, गच्चीवर उभे होते. प्रमिलाबाई भडगावहून आल्या होत्या. मेघाच्या गेटात, मेघाच्या शेजारी. त्यांनी हाक मारली नाही. पण त्या आत निघूनही गेल्या नाहीत.

मोजणीचा माणूस तरुण होता. त्याने उन्हात डोळे बारीक करून ओळीकडे पाहिलं, मशीन काठीवर चढवलं, नकाशा उघडला, आणि रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या दगडावर पाय ठेवून सहज विचारलं, "अर्जदार कोण?"

सगळ्या ओळीने माना वळवल्या.

कुंदाबाईंनी हात वर केला. "मी."

शेजारी वनाजींनीही हात वर केला. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.